साम्राज्याच्या दोन्ही बाजू आणि कुरुंद्याकडचा एक बांध

नाशकात परतून आठवडा झाला, तरी माझ्या बुटांतून हिंगोलीची काळी माती अजून निघतेच आहे. बायको म्हणते, "व्याख्यानाला गेला होतात की नांगरायला?" प्रश्न अगदीच चुकीचा नाही. नांगरलं दुसऱ्यानं, पण त्याचं कारण मीच होतो. सांगायला बसलो तर लांबेल आणि मी दमलोय. तरी सांगतो. तुमच्यापैकी बहुतेक जण त्या बाजूला गेलेले नसणार, आणि पुढेमागे गेलातच तर तिथं काय बोलू नये एवढं तरी कळेल.

मी इतिहासाचा निवृत्त प्राध्यापक. निवृत्तीत माणसाजवळ थोडी पेन्शन, थोडा मधुमेह आणि एक भाषण उरतं. माझं भाषण साम्राज्यांवर आहे. राष्ट्रांनी दुसऱ्यांची जमीन का घेऊ नये आणि घेतली की काय होतं, हे मी इतक्या मांडवांतून सांगितलंय की मधेच वीज गेली तरी वाक्य तुटत नाही. रोम कुठं पडतं, स्पेनचं सोनं कुठं संपतं, टाळ्या कुठं येतात, सगळं पाठ. आणि सगळ्याचा कंटाळाही आलेला. अशात कुरुंद्याकडच्या एका गावातून वाचनालयाच्या अध्यक्षांचा फोन आला. विषय होता 'राष्ट्राने आपल्या सीमा वाढवाव्यात का?' पहिल्या संध्याकाळी लातूरचे एक वक्ते बाजूने बोलणार, दुसऱ्या संध्याकाळी मी विरुद्ध. मी हो म्हणालो. मला नाही म्हणता येत नाही. पुढचं सगळं त्यातून झालं.

वसमत

गाडीतून उतरलो तेव्हा पाय सुजून बुटाबाहेर यायला बघत होते. स्टेशनावर गौतमराव आले होते. एसटीत ड्रायव्हर होते, आता स्वतःची गाडी चालवतात. मला त्यांनी गर्दीतून अचूक हेरलं.

"कसं ओळखलंत?"

"समद्यात दमलेला मानूस तुमीच दिसले."

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हळदीचा हंगाम चालू होता. शिजवलेली हळद खळ्यांवर, रिकाम्या रानांत, कुठं कुठं रस्त्याच्या कडेलाही वाळत घातलेली. हवेत ओल्या मातीसारखा आणि औषधासारखा मिळून एक वास. नांगरून उलथलेल्या रानात ढेकळं एवढी मोठी, की त्यांच्यावर बसून भाषण करता येईल. आमच्याकडे द्राक्षाच्या बागा तारांनी आणि हिरव्या जाळीनं बंद करून ठेवतात. इथं शेताशेतांमध्ये नुसते बांध. मातीचे, गवत वाढलेले, बाभळी मिरवणारे. मला ते फार उदार वाटलं. मी तसं बोललोही.

गौतमरावांनी आरशातून माझ्याकडे पाहिलं. "सर, हितल्या कोर्टात जाऊन एकदा बसा. निम्मे लोक बांधापायी बसलेले असतेत."

मग त्यांनी मला बांध कोरणं म्हणजे काय ते सांगितलं. दरसाल नांगरताना तास, म्हणजे नांगराची सरी, थोडंसं बांधाकडे सरकवायचं. बांध बारीक होतो, शेत तेवढंच रुंद होतं. बोंब झाली तर म्हणायचं, बैल सरकला. आता बैल गेले, ट्रॅक्टर आले, तरी बैलच सरकतो.

अध्यक्ष बापूराव मला गावाच्या तोंडाशीच भेटले. उंच, हसरे, टोपी थोडी तिरकी. त्यांच्या अंगणात पाऊल टाकल्यापासून निघेपर्यंत माझ्या हातात काही ना काही खायचं होतं. पहिल्यांदा धपाटे आणि दही. त्यांच्या पत्नी सुमनवहिनी धपाटं तव्यावरून थेट ताटात टाकायच्या, आणि ताट रिकामं दिसलं की त्यांना तो स्वतःचा अपमान वाटायचा. आमच्याकडे "आणखी वाढू का?" असं विचारतात. इथं विचारण्याची पद्धत नाही, वाढण्याची आहे.

तिसऱ्या धपाट्याला बापूराव म्हणाले, "सर, एक तकलीफ झालीय. लातूरच्या सरांची दाढ काढलीय. तोंड उघडत न्हाई."

"अरेरे. मग?"

"मांडव दोन दिवसांचा सांगितलाय. बॅनर छापलंय. आज बाजूनं तुमीच बोला. उद्या विरुद्ध हायच तुमी."

माझ्या तोंडात धपाटं होतं. मी मान हलवली ती 'कसं शक्य आहे' अशा अर्थानं. बापूरावांनी ती होकारार्थी घेतली आणि उठून मांडव बघायला गेले.

विचार करायला म्हणून मी खळ्याच्या कडेला टेकलो. कुठं टेकलो ते पाहिलं नाही. वहिनी लांबूनच हसल्या. "सर, हळद लागली की तुमाला!" पांढऱ्या पायजम्याचं बसण्याचं अंग पिवळं जर्द झालं होतं, आणि ती ओली हळद धुण्यानं निघत नाही, उलट पसरते. दुसरा पायजमा नव्हता. साम्राज्याची बाजू मी त्या संध्याकाळी श्रोत्यांकडे सतत तोंड करून मांडली.

बाजूने

मारुतीच्या पारासमोर मांडव. पुढं सतरंजीवर बाया आणि लेकरं, मागं खुर्च्यांवर पुरुष, त्याच्या मागं मोटारसायकलींवर बसलेली, मोबाइलमध्ये दूरदेशची युद्धं बघणारी तरणी मंडळी.

मी सुरुवात चाचपडत केली. पण दोन मिनिटांत काय झालं कुणास ठाऊक, मला मजा यायला लागली. विरुद्धचं भाषण करून करून त्याची धार गेली होती. ही बाजू नवी होती. आयुष्यभर जी मतं खोडून काढली ती सगळी माझ्या पाठीशी हात जोडून उभी राहिली.

"लहान राज्यं भांडत बसतात, मोठं राज्य रस्ता बांधतं," मी म्हणालो. "ज्या रुळांवरून मी आज तुमच्याकडे आलो, ते कुणाच्या अमलात पडले? निजामाच्या. तुमच्या आजोबांनी निजामाला शिव्या घातल्या, आणि रेल्वेत बसून तालुक्याला जाऊन घातल्या." हशा. "शेजारी दुबळा असला की त्याच्या अंगणातून तिसराच कुणीतरी तुमच्यावर चालून येतो. म्हणून ते अंगण आपल्या हाताखाली हवं. सुरक्षित सरहद्द हा लोभ नव्हे, ती गरज आहे. आणि आज जे देश जगाला शहाणपण शिकवतात, त्यांनी आधी पोटभर जेवून घेतलंय. आता ते आपल्याला उपासाचे फायदे सांगतात. जे राष्ट्र वाढत नाही, ते आक्रसतं. जागच्या जागी कुणीच राहत नाही."

टाळ्या अशा पडल्या, की पाराच्या पिंपळावरचे बगळे उडाले. मागून एकानं ओरडून विचारलं, "मंग आपन काहून घेत न्हाई, सर?" मी दोन्ही हात वर केले, हसलो, आणि हे उद्याच्या भाषणात येईल असं म्हणून सुटलो. बापूराव शेजारच्या अध्यक्षांच्या खुर्चीत बसून मान डोलवत होते. ते इतकं मन लावून ऐकत होते, की मला वाटलं, वक्त्याला असा एक श्रोता मिळाला तरी पुरे.

जेवायला येसराची, भाजलेल्या डाळी-धान्याच्या पिठाची, आमटी होती. मी दोन वाट्या प्यायलो आणि स्वतःवर अत्यंत खूश होऊन झोपलो.

बांध

सकाळी ट्रॅक्टरच्या आवाजानं जाग आली. चहा झाल्यावर बापूराव म्हणाले, "चला, रान दाखवतो." गावाबाहेर ओढ्याकडे उताराला त्यांचं हळदीचं रान होतं, नुकतं काढणी झालेलं. गौतमरावांच्या गाडीतून आम्ही पोचलो तेव्हा ट्रॅक्टर शेवटचं तास घेत होता. आणि शेताच्या कडेला, हातात काठी घेऊन, एक बाई उभी होती. पन्नाशीची, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. तिच्या मागं मेंढ्यांचा कळप गप उभा. ही कोंडाबाई. तिचं छोटं कोरडवाहू शेत बापूरावांच्या शेताला लागून, आणि घरी दोन पिढ्यांपासून मेंढ्या.

दोन शेतांच्या मधला बांध पूर्वी बैलगाडी जाईल एवढा रुंद होता, हे मला नंतर कळलं. त्याच्यावरूनच तिच्या मेंढ्या ओढ्यावर पाण्याला जात. आता त्याची बापूरावांच्या बाजूची माती उलथून पडली होती. उरला होता तो माणूस हात पसरून, तोल सांभाळत जाईल एवढा कणा.

"तुमीच का काल बोलले ते?" तिनं मला विचारलं.

"हो," मी म्हणालो. अजूनही मला वाटत होतं, ती कौतुक करणार.

"मंग बघा तुमचं भाषन." तिनं काठीनं उलथलेली माती दाखवली.

बापूराव मोठ्यानं हसले. "कोंडाबाई, सरांचा काय संबंध? सर, तुमीच सांगा हिला. सुरक्षित सरहद्द पायजे का न्हाई? हिची मेंढरं जाता-येता माझ्या पिकात तोंड घालतेत. म्हनून हद्द थोडी पुढं सारली."

"मेंढरू हळद खातंय का, बापूभाऊ? कवा पाहिलं?"

"सोयाबीन तर खातंय!"

"सोयाबीन व्हतं तवा तुमच्या कुंपनाला काटे व्हते. आता रिकामं रान हाय. रिकाम्या रानात काय खाईल, तुमची ढेकळं?"

ट्रॅक्टरवाला इंजिन बंद करून ऐकायला लागला. मी काहीतरी म्हणायला हवं होतं. मी म्हणालो, "ते भाषण म्हणजे, बाई, एका बाजूचं होतं. दुसरी बाजू आज संध्याकाळी आहे."

कोंडाबाईनं माझ्याकडे इतक्या थकलेल्या नजरेनं पाहिलं, की माझा थकवा मला अगदी हौशी वाटला. "मेंढरायला आता तहान लागलीय, सर. संध्याकाळला न्हाई."

ती कळप वळवून गेली. बांध गेला म्हणजे आता ओढ्यावर जायला एकच वाट उरली, डांबरी रस्ता. हळदीच्या दिवसांत त्या रस्त्यावर ट्रकांची रांग तुटत नाही. जाता जाता ती मान न वळवता म्हणाली, "आन औंदा तुमच्या रानात मेंढरं बसनार न्हाईत, बापूभाऊ."

गौतमरावांनी परतताना मला याचा अर्थ सांगितला. हळद लावायच्या आधी रानात रात्री मेंढ्या बसवतात. त्यांच्या लेंड्यांचं खत रानाला मिळतं. कोंडाबाईचा कळप दरसाल बापूरावांच्याच रानात बसायचा. बापूरावांनी खांदे उडवले. "दुसरे मेंढपाळ हायेत की. डोंगरकडा गावाला निरोप धाडतो."

मग आम्ही घरी गेलो आणि मला पुन्हा जेवायला वाढलं. मी जेवलो. हे सांगायला बरं वाटत नाही, पण आंबट वरण उत्तम होतं.

विरुद्ध

दुपारभर पंख्याखाली पडून मी ठरवलं, की आज नाव घेऊनच बोलायचं. सगळ्या गावासमोर. मग संध्याकाळी व्यासपीठावर बसलो. शेजारी बापूराव. त्यांनी माझ्या घशासाठी खडीसाखर आणि लवंग आणली होती. स्वतःच्या खिशातून काढून दिली. आता मला सांगा.

मी विरुद्ध बोललो. चांगलं बोललो, कारण पाठ होतं. "सरहद्द पुढं ढकलली, की भीतीही पुढं सरकते. कालपर्यंत लांब असलेला माणूस आज तुमचा शेजारी होतो, आणि आता त्याच्या अंगणाचीही काळजी सुरू. जिंकलेला मुलूख राखायला शिपाई लागतो, शिपायाला पगार, पगाराला कर. तो कर घरच्यांनाच भरावा लागतो. रस्ते बांधले म्हणता? ते खाणीपासून बंदरापर्यंत गेले, गावापासून दवाखान्यापर्यंत नाही. काल मी निजामाच्या रुळांचं सांगितलं. त्याच राज्यात लेकरांना घरची भाषा शाळेच्या दाराबाहेर ठेवून आत जावं लागत होतं, हे काल सांगायचं राहिलं." जुन्या माणसांनी माना हलवल्या. रोम पडलं. स्पेनचं सोनं संपलं. बांध मात्र माझ्या तोंडात आला आणि खडीसाखरेबरोबर विरघळला.

टाळ्या पडल्या. कालच्यापेक्षा थोड्या कमी. बापूराव समारोपाला उठले. "सरांनी काल बाजूनं सांगितलं ते पटलं. आज विरुद्ध सांगितलं, तेबी पटलं. याला म्हनतेत विद्वान!" आणि माझ्या अंगावर शाल आली.

तेवढ्यात सतरंजीवरून कोंडाबाई उठून उभी राहिली. "म्हंजे बांध परत व्हनार का न्हाई?"

मांडव हसला. हसला तो तिला की मला, कोण जाणे. मी माइक हातात घेतला. नळाच्या रांगेत असो, सोसायटीच्या सभेत असो, भांडण समोर आलं की माझ्या तोंडून नेहमी एकच वाक्य बाहेर पडतं, तेच पडलं. "उद्या सकाळी आपण सगळे जागेवर जाऊन पाहू."

यावर मात्र दणदणीत टाळ्या. जागेवर जाऊन पाहायचं म्हटलं की लोकांना प्रश्न सुटल्यासारखं वाटतं. मलाही वाटलं.

रेघ

सकाळी निम्मं गाव बांधावर. बापूरावांनी माझ्यासाठी खुर्ची आणली होती, शिवाय थर्मासमध्ये चहा. कोंडाबाई पलीकडे आपल्या शेतात उभी, एकटी. मी पायानं मोजल्यासारखं केलं. बाभळीकडे डोळे बारीक करून पाहिलं. खरं सांगतो, मला काहीच कळत नव्हतं. दुपारची गाडी होती, ऊन चढत होतं, आणि दोन्हीकडच्यांनी मला बरं म्हणावं एवढी एकच इच्छा उरली होती.

मी एक काटकी घेतली. बापूरावांनी जेवढी माती बांधाची घेतली होती, तिच्या बरोबर मधोमध मी ओढ्यापर्यंत एक रेघ ओढली. "एवढी परत द्या. एवढी ठेवा. झालं."

बापूरावांनी पटकन हात जोडले. "सरांचा शब्द मला प्रमान!" कुणीतरी नारळ आणला होता, तोही फुटला. कसलं का असेना, सगळ्यांना समाधान झालेलं. घामानं माझा चष्मा नाकावरून घसरत होता आणि मी तो सारखा वर ढकलत हसत होतो.

कोंडाबाईनं रेघेच्या आत एक पाऊल आडवं ठेवून पाहिलं. मग म्हणाली, "सर, दुपारची गाडी हाय न्हवं तुमाला?"

"हो, दीडच्या सुमारास."

"मंग जा."

मला वाटलं, काळजीनं म्हणतेय.

डांबरी रस्ता

सुमनवहिनींनी वाटेसाठी भाकरी, ठेचा आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. निरोपाला बापूराव फाट्यापर्यंत आले आणि कालची शाल पुन्हा माझ्या खांद्यावर घातली. गौतमरावांनी गाडी डांबरी रस्त्याला लावली, आणि ओढ्याच्या अलीकडच्या वळणावर ती थांबलीच. पुढं मेंढ्या. सगळा रस्ता भरून, माना खाली घालून, चालत होत्या. मागं कोंडाबाई, एक कोकरू काखेत धरून.

समोरून हळदीचा एक ट्रक असा गेला, की कळपाचा अर्धा भाग खड्ड्यात उतरला आणि अर्धा आमच्या गाडीवर आला. मी खाली उतरलो.

"बाई, बांध अर्धा सोडवून दिला ना? मग इकडून का?"

कोंडाबाई थांबली नाही. चालता चालता बोलली. "अर्ध्यावर एकामागं एक चालावं लागतंय, सर. मेंढरू तसं चालत न्हाई. माय पुढं गेली की लेकरू बाजूनं पळतंय. पळालं की त्याच्या रानात. मंग बापूभाऊ म्हननार, माझ्या रानात आली. रोज भांडन. रोज कोन भांडंल? समदाच घेतला असता तर मीबी कोर्टात गेली असती. आता कशी जाऊ? तुमी निवाडा केलाय. नारळ फुटलाय."

मी वर्गात एवढी वर्षं शिकवलं, की दूरच्या देशांतून बाबू यायचे, नकाशावर रेघ मारायचे आणि संध्याकाळची बोट धरायचे. मुलांना त्या बाबूंवर निबंध लिहायला लावायचो. काटकीनं रेघ मारताना मला यातला एक शब्द आठवला नव्हता. मला फक्त गाडीची वेळ आठवत होती.

मागून दुसरा ट्रक हॉर्न वाजवत आला. "गौतमराव," मी म्हणालो, "कळपाच्या मागं चला. आडवीच ठेवा थोडी. कुणाला पुढं जाऊ देऊ नका."

"गाडी चुकंल, सर."

"चालवा हो."

मागचे दोन्ही दिवे लुकलुकत ठेवून गाडी मेंढीच्या चालीनं निघाली. मागं ट्रक, त्यामागं टेंपो, सगळे हॉर्न वाजवत, काही जण माझ्या आईचीही आठवण काढत. मी खिडकीतून हात बाहेर काढून त्यांना थांबवत होतो, जसा काही वाहतूक पोलीसच. शेवटची मेंढी ओढ्यात उतरली तशी कोंडाबाई खिडकीशी आली. आभार वगैरे नाही.

"आज तुमी हायेत मागं. उद्या कोन?"

मी तोंड उघडलं. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्याजवळ दोन्ही बाजूंनी बोलायला काही नव्हतं. ती उतारावरून खाली गेली.

"वळवा," मी म्हणालो.

गौतमरावांनी विचारलंसुद्धा नाही. वळवली.

माझा अपमान

बापूराव ओसरीत बसून चहा फुंकत होते. मला बघून खरंच आनंदले. "गाडी चुकली व्हय? बसा, बसा. अहो, सरांना ताट करा!"

"जेवायला नाही आलो. मी रेघ चुकीची मारली. ती मोडायची आहे. सगळा बांध परत द्या."

बापूरावांनी बशी खाली ठेवली. मग हळूहळू, अगदी गोड आवाजात म्हणाले, "सर, रेघ तुमी मारली. गावानं पाहिलं. आता मी ती मोडली, तर तुमचा अपमान व्हतो. आन आमच्या गावात पाव्हन्याचा अपमान करत न्हाईत."

पक्का बंदोबस्त होता. माझाच मान त्यांनी बांधावर पहारेकरी म्हणून उभा केला होता. मी शालीत गुंडाळलेला, घामानं ओला, पिवळा पायजमा घातलेला विद्वान.

"मग करा," मी म्हणालो.

"काय?"

"अपमान करा माझा."

"काय बोलून राहिले, सर!"

आतून सुमनवहिनी बाहेर आल्या, हाताला पीठ. "करा की हो. येवडं म्हनून राहिलेत तर करा. डोंगरकड्याचा निरोप आलाय सकाळी. तिथले मेंढपाळबी न्हाई म्हनले. कोंडाबाईचं कळालंय त्यायला. रानात काय टाकनार औंदा, भाषन?"

बापूरावांनी बशीतला उरलेला चहा एका घोटात संपवला. मग उठले, कोपऱ्यातलं फावडं घेतलं आणि निघाले. मी मागं. गौतमराव माझ्या मागं, गाडीला कुलूप न लावता.

ऊन कलायला आलं होतं. बापूरावांनी पहिली फावडंभर माती उचलून बांधावर टाकली आणि दम घेत म्हणाले, "येवडं शिकले, पन रेघ मारता येत न्हाई." दुसरं फावडं. "भाषन करून चुलीला जाळ लागत न्हाई." तिसरं. "पायजम्याला हळद. शोभतंय का मोठ्या मानसाला?" दर ढेकळाला एक. मी प्रत्येकाला "बरोबर आहे" म्हणत होतो. काही अपमान फारच चांगले होते. ते कुठं लिहून ठेवले नाहीत याचं आता वाईट वाटतं. मधे मीही फावडं घेऊन पाहिलं. दोन वेळा मारलं आणि पाठीत चमक भरली. बापूरावांनी ते काढून घेतलं आणि त्यावरही बोलले.

सूर्य बाभळीखाली उतरेपर्यंत बांध पुन्हा बांधासारखा दिसायला लागला. बापूरावांनी कपाळ पुसलं आणि फावडं मातीत रोवून त्यावर टेकले. सगळा नव्हता झाला. त्यांच्या बाजूला हातभर पट्टी तशीच राहिली होती, नांगरलेली. मी ती पाहिली. मी पाहिलं हे त्यांनीही पाहिलं. मी चष्मा पुसायला लागलो. भांडायला माझ्यात काही उरलं नव्हतं.

ओढ्याकडून घंटा वाजली. कोंडाबाई कळप घेऊन परत येत होती, पाणी पिऊन पोटं गोल झालेल्या मेंढ्या, मागं धुरळा. बांधाच्या तोंडाशी ती थांबली. तिच्यामागं सगळा कळप थांबला. तिनं नवीन मातीवर पाय ठेवला, दाबून पाहिला. पुढं आली. जिथं पट्टी उरली होती तिथं उभी राहिली आणि खाली बघितलं.

"आनखी," ती म्हणाली.

बापूरावांनी माझ्याकडे पाहिलं. मी शाल काढून बाभळीला टांगली आणि खाली मातीतच बसलो. त्यांनी एक लांब श्वास घेतला, फावडं उपसलं आणि माती टाकायला लागले. आता न बोलता. मेंढ्या उभ्या राहून बघत होत्या.